पात्रक्षमतांचे संतुलन (टेबलटॉप भूमिकाखेळ)

'''पात्रक्षमतांचे संतुलन''' ही टेबलटॉप भूमिकाखेळांच्या, म्हणजेच टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांच्या, रचनेतील एक मूलभूत संकल्पना आहे. अशा खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घडवतो. त्या पात्रासाठी पेशा, गुण, मंत्र, शस्त्रे आणि विशेष कौशल्ये यांची निवड नियमपुस्तकातील पर्यायांमधून करावी लागते. कोणताही एक पर्याय बाकीच्यांना निरर्थक ठरवणार नाही आणि कोणत्याही पर्यायाची निवड करणारा खेळाडू खेळात केवळ प्रेक्षक बनून राहणार नाही, अशा रीतीने हे पर्याय रचणे म्हणजे संतुलन साधणे होय. या प्रश्नाची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत उद्बोधक चर्चा ''डंजन्स अँड ड्रॅगन्स'' या अमेरिकी खेळाच्या संदर्भात झाली आहे. त्यामुळे प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच खेळातील उदाहरणे घेतली आहेत.

== स्वरूप ==

भूमिकाखेळात बुद्धिबळासारखे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध उभे नसतात. चार-पाच खेळाडू एकाच गटातील पात्रे रंगवतात आणि ‘गेम मास्टर’ अर्थात सूत्रधार त्यांच्यासमोर प्रसंग उभे करतो. सूत्रधार राक्षसांची, नगरवासीयांची व शत्रूंची भूमिका घेतो. पात्राने एखादी अनिश्चित कृती करायचे ठरवले की फासा टाकून तिचा निकाल लावला जातो. मराठी वाचकाला फासा म्हटला की सारीपाटाचा किंवा सापशिडीचा फासा आठवतो. या खेळांत मात्र चार, आठ, दहा, बारा आणि वीस पृष्ठांचे फासेही लागतात, आणि त्यांपैकी वीस पृष्ठांचा फासा हा ''डंजन्स अँड ड्रॅगन्स''ची ओळखच बनला आहे.

येथे खेळाडू परस्परांचे प्रतिस्पर्धी नसतात. मग एकाचे पात्र दुसऱ्यापेक्षा बलवान असले तर बिघडते कोठे, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर खेळाच्या वेळेत दडलेले आहे. एक बैठक तीन-चार तास चालते. या वेळात प्रत्येकाला काही प्रसंग आपल्या हातून घडल्याचे समाधान मिळावे, अशी अपेक्षा असते. एका पात्राने कुलूप उघडले, शत्रू मारला, राजाचे मन वळवले आणि दरीवरून सर्वांना उडवून पलीकडेही नेले, तर उरलेल्या तिघांनी त्या संध्याकाळी नेमके काय करायचे? पराभूत खेळाडू निदान हरलेला असतो, पण येथे डावलला गेलेला खेळाडू हरतही नाही. त्याची फक्त गरज उरत नाही. म्हणूनच भूमिकाखेळातील संतुलन हे बळाच्या समानतेपेक्षा सहभागाच्या समानतेशी अधिक निगडित आहे.

== आरंभीची पद्धत ==

''डंजन्स अँड ड्रॅगन्स'' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने इ.स. १९७४ मध्ये तो प्रकाशित केला. त्याचे मूळ ''चेनमेल'' (इ.स. १९७१) या मध्ययुगीन युद्धखेळात होते. पहिल्या आवृत्तीत योद्धा, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे देवोपासक असे तीनच पेशे होते. चोर हा चौथा पेशा इ.स. १९७५ मधील ''ग्रेहॉक'' या पुरवणीत आला.

शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता आणि व्यक्तिमत्त्वप्रभाव हे सहा मूलगुण प्रत्येक पात्राला असत आणि ते सहा पृष्ठांचे तीन फासे टाकून ठरवले जात. तीन फाशांची एकूण २१६ दाने संभवतात. त्यांपैकी १० किंवा ११ ही बेरीज प्रत्येकी २७ प्रकारे येते, तर १८ ही बेरीज फक्त एकाच प्रकारे. त्यामुळे बहुतेक पात्रे सामान्य निघत आणि क्वचित एखादे असामान्य.

असमानता आवरण्यासाठी या आवृत्तीत चार उपाय योजलेले दिसतात आणि चारही आजच्या वाचकाला काहीसे विचित्र वाटतील. पहिला उपाय वेगवेगळ्या अनुभवगुणांचा. दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी योद्ध्याला २,०००, जादूगाराला २,५००, क्लेरिकला १,५०० आणि पुढे आलेल्या चोराला १,२०० अनुभवगुण लागत. म्हणजे दुबळा पेशा लवकर वाढे. दुसरा उपाय पातळीच्या मर्यादेचा. बुटके, एल्फ व हाफलिंग यांना अंधारात दिसणे वगैरे जन्मजात लाभ मिळत, परंतु बुटका योद्धा सहाव्या आणि हाफलिंग योद्धा चौथ्या पातळीपुढे जाऊ शकत नसे. तिसरा उपाय जीवधोक्याचा. ''ग्रेहॉक''नंतर जादूगाराला प्रत्येक पातळीला चार पृष्ठांच्या फाशाने ‘हिट पॉइंट’, म्हणजे घाव सोसण्याची शक्ती, मिळे. पहिल्या पातळीवर त्याच्याकडे सरासरी अडीच हिट पॉइंट आणि संपूर्ण दिवसासाठी एकच मंत्र असे. तलवारीचा एक घाव आठ पृष्ठांच्या फाशाचा. अर्थात बरेच जादूगार दुसरी पातळी पाहतच नसत.

चौथा उपाय विस्मरणाचा होता. मंत्र उच्चारला की तो जादूगाराच्या स्मृतीतून पुसला जाई आणि दुसऱ्या दिवशी तो नव्याने पाठ करावा लागे. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या ''द डाइंग अर्थ'' (इ.स. १९५०) या पुस्तकातून घेतली होती, आणि तिला आजही ‘व्हान्सीय जादू’ म्हणतात.

या उपायांमागील तत्त्व असे की, आजचे दौर्बल्य हे उद्याच्या सामर्थ्याचे मोल आहे. मात्र या तत्त्वात एक उणीव राहिली. पाचव्या पातळीवर जादूगाराला अग्निगोलाचा मंत्र मिळे, आणि त्याची हानी जादूगाराच्या पातळीइतक्या सहा पृष्ठांच्या फाशांची असे. दहाव्या पातळीवर ती सरासरी ३५ होई आणि तीही एकाच वेळी अनेक शत्रूंवर. योद्ध्याच्या तलवारीची सरासरी साडेचारच राही. फरक पडे तो शस्त्रातील जादू आणि थोड्या वाढीव घावांपुरता. योद्धा सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत, असे जे खेळाडूंमध्ये गमतीने म्हटले जाते ते यावरूनच. जो गट खालच्या पातळ्यांवर खेळून थांबला त्याच्या जादूगाराने फक्त किंमत मोजली. जो गट वर्षानुवर्षे खेळत राहिला त्याच्या योद्ध्याने ती मोजली. एकाच टेबलावर दोघांचा हिशेब कधीच जुळला नाही.

== दुर्मिळता आणि संतुलन ==

इ.स. १९७८ मध्ये आलेल्या ''अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स''च्या खेळाडू-पुस्तिकेत पॅलाडिन या धर्मयोद्ध्यासाठी व्यक्तिमत्त्वप्रभाव किमान १७ असण्याची अट होती. तीन फाशांवर १७ किंवा १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे ५४ मध्ये एक इतकीच आहे. शिवाय अन्य गुणांच्याही अटी होत्याच. पॅलाडिन सामान्य योद्ध्यापेक्षा सरस, पण तो क्वचितच निर्माण होतो, म्हणून संतुलन राखले जाते, असा यामागील युक्तिवाद.

हा युक्तिवाद आकडेशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आणि खेळाच्या दृष्टीने चुकीचा आहे. हजार टेबलांची सरासरी काढली तर पॅलाडिन दुर्मिळ ठरेल हे खरे, परंतु कोणताही खेळाडू हजार टेबलांवर बसत नाही. ज्या एका टेबलावर तो पॅलाडिन जन्मला, तेथे शेजारी बसलेल्या साध्या योद्ध्याला त्या सरासरीचा काही उपयोग नाही. त्यातही ज्याला आधीच उत्तम दान पडले त्यालाच उत्तम पेशाही मिळे. नशिबाने दिलेले नियमांनी दुप्पट करावे, असा हा प्रकार होता. इ.स. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तिकेत चार फासे टाकून सर्वांत लहान दान सोडून देण्याची पद्धत सुचवली गेली. तिने मूलगुणांची सरासरी १०.५ वरून सुमारे १२.२ वर गेली, पण दोन खेळाडूंमधील तफावत मात्र कायम राहिली.

== गुणखरेदी ==

नशिबाऐवजी अंदाजपत्रक हा पर्याय दुसऱ्या खेळांनी रूढ केला. ''चॅम्पियन्स'' (इ.स. १९८१) या अतिमानवांच्या खेळात आणि स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ''गर्प्स'' (इ.स. १९८६) मध्ये प्रत्येक खेळाडूला ठरावीक गुण मिळतात व त्यांतून तो क्षमता विकत घेतो. एखादी उणीव स्वीकारली, उदाहरणार्थ एक डोळा नसणे किंवा एखादे व्यसन, तर गुण परत मिळतात.

ही पद्धत न्याय्य वाटते, पण तिचा सगळा भार किंमतपत्रकावर पडतो. उणीव विकत देणारे खेळाडू लवकरच चतुर झाले. कधीही समुद्रावर न जाणाऱ्या कथेत पाण्याची भीती बाळगणारे पात्र फुकटात गुण मिळवते. म्हणून ''चॅम्पियन्स''च्या रचनाकारांनी एक दंडकच घालून दिला, की जी मर्यादा प्रत्यक्षात अडचण निर्माण करत नाही तिचा मोबदला मिळणार नाही. हा दंडक फाशाने किंवा तक्त्याने राबवता येत नाही. तो सूत्रधाराच्या विवेकावरच सोपवावा लागतो.

''डंजन्स अँड ड्रॅगन्स''च्या पाचव्या आवृत्तीत (इ.स. २०१४) मूलगुणांपुरती हीच पद्धत पर्याय म्हणून दिली आहे. प्रत्येकाला २७ गुण मिळतात आणि मूलगुण ८ ते १५ च्या दरम्यान ठेवावे लागतात. ८ फुकट, ९ ला एक गुण, १० ला दोन, असे करत १३ ला पाच गुण पडतात. पुढे मात्र १४ ला सात आणि १५ ला नऊ मोजावे लागतात. शेवटच्या दोन पायऱ्या मुद्दाम महाग ठेवल्या आहेत, कारण आपल्या पेशाच्या मुख्य गुणातील एकेक वाढ ही दुय्यम गुणातील वाढीपेक्षा कितीतरी मोलाची असते. ज्यांना हिशेब नको त्यांच्यासाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संच आहे. त्याची किंमत काढली तर ९ + ७ + ५ + ४ + २ + ० अशी बरोबर २७ भरते.

== अधिक एकची किंमत ==

वीस पृष्ठांच्या फाशावर प्रत्येक दानाची शक्यता समान, म्हणजे ५ टक्के असते. त्यामुळे कोणत्याही कृतीवर मिळालेला अधिक एक हा यशाची शक्यता नेहमी ५ टक्क्यांनी वाढवतो. परंतु ही वाढ सर्वांना सारखी उपयोगी पडत नाही. ज्याचा घाव ५० टक्के वेळा लागत होता त्याचे यश ५५ टक्क्यांवर गेले तर त्याची एकूण हानी एक-दशांशाने वाढते. ज्याचा घाव २० टक्केच लागत होता त्याची पावपट वाढते. आणि ज्याचा ९५ टक्के लागतच होता त्याला काहीच मिळत नाही, कारण फाशावर १ पडले की नेम चुकतोच.

इ.स. २००० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने प्रकाशित केलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे अधिक-अधिक अमर्याद साठत जात. विसाव्या पातळीवरील योद्ध्याचा मूळ हल्लागुण २० आणि जादूगाराचा १० असे. दहाचा फरक म्हणजे ५० टक्के. इतका फरक पडला की फासा टाकणे हा केवळ उपचार उरतो. जे योद्ध्याला कठीण ते जादूगाराला अशक्य आणि जे जादूगाराला कठीण ते योद्ध्याला निश्चित. पाचव्या आवृत्तीने यावर कडक उपाय केला. प्रावीण्याचा गुण पहिल्या पातळीवर २ आणि विसाव्या पातळीवर ६ इतकाच ठेवला. पात्राच्या मूलगुणांना २० ची मर्यादा घातली आणि जादूची शस्त्रे अधिक तीनपर्यंतच मर्यादित केली. या धोरणाला रचनाकार ‘बाउंडेड अॅक्युरसी’ म्हणतात. त्यामुळे नवखे पात्रही मुरलेल्या पात्रांबरोबर काही करू शकते आणि गावातील साध्या शिपायांचा जमाव वीराला अखेरपर्यंत थोडाफार धोकादायक वाटतो.

== एका कौशल्याचे गणित ==

एखादा पर्याय कागदावर समतोल दिसूनही प्रत्यक्षात का बिघडतो, हे पाहण्यासाठी पाचव्या आवृत्तीतील ‘ग्रेट वेपन मास्टर’ हे विशेष कौशल्य, म्हणजे ‘फीट’, उपयोगी आहे. इ.स. २०१४ च्या नियमानुसार मोठे अवजड शस्त्र वापरणाऱ्याला हल्ल्याच्या दानातून ५ वजा करून, घाव लागल्यास १० अधिक हानी करता येई. धनुर्धरांसाठी ‘शार्पशूटर’मध्ये हीच सोय होती.

समजा, योद्ध्याची सरासरी हानी ११ आहे आणि नेम ६५ टक्के लागतो. साध्या हल्ल्यात त्याची अपेक्षित हानी ०.६५ × ११ म्हणजे सुमारे ७.२ येते. कौशल्य वापरले तर नेम ४० टक्क्यांवर उतरतो, पण हानी २१ होते, म्हणजे अपेक्षा ८.४. थोडासा फायदा. शत्रूचे चिलखत मजबूत असून नेम ४५ टक्केच लागत असेल, तर साधा हल्ला ४.९५ आणि कौशल्याचा ४.२. म्हणजे तोटा. समतोलाचा बिंदू ५२.५ टक्क्यांवर येतो. येथवर पाहता ही रचना उत्तम म्हणावी लागेल. खेळाडूला शत्रूचा अंदाज घ्यावा लागतो, धोका पत्करावा लागतो आणि दोन्ही निवडी कधी ना कधी योग्य ठरतात.

परंतु याच आवृत्तीत ‘अॅडव्हान्टेज’ नावाची सोय आहे. अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठे दान घ्यायचे. आता ६५ टक्क्यांचा नेम सुमारे ८८ टक्के होतो आणि साध्या हल्ल्याची अपेक्षा सुमारे ९.७ वर जाते. ४० टक्क्यांचा नेम ६४ टक्के होतो आणि कौशल्याची अपेक्षा १३.४ वर. फायदा एकदम जवळपास चाळीस टक्के. आणि ‘बार्बेरियन’ पेशाच्या पात्राला दुसऱ्या पातळीपासून स्वतःच्या इच्छेने प्रत्येक फेरीत हे आनुकूल्य मिळवता येते. म्हणजे जो धोका म्हणून योजला होता, त्यातील धोकाच दुसऱ्या नियमाने काढून घेतला. त्यानंतर हे कौशल्य न घेता मोठे शस्त्र वापरणारा खेळाडू आपल्याच गटात मागे पडू लागला. पर्याय हा शब्द नावापुरता उरला.

इ.स. २०२४ च्या सुधारित नियमांत वजा ५, अधिक १० ही देवघेव काढून टाकण्यात आली. ‘ग्रेट वेपन मास्टर’मध्ये प्रावीण्यगुणाइतकी जादा हानी ठेवली, तर ‘शार्पशूटर’मधून हानीची वाढ पूर्णपणे गेली. बिघाड दुरुस्त झाला हे खरे, पण शत्रूकडे पाहून जोखमीचा हिशेब करण्यातील गंमतही तिच्याबरोबर गेली, आणि या दुरुस्तीची ती किंमतच म्हणावी लागेल.

असे संयोग आधीच का पकडले जात नाहीत? नियमपुस्तकात शंभर पर्याय असतील तर त्यांच्या जोड्या ४,९५० आणि त्रिकुटे १,६१,७०० होतात. प्रत्येक नव्या पुरवणीबरोबर ही संख्या फुगते. रचनाकारांचा छोटा गट हे सर्व तपासू शकत नाही, आणि असंख्य खेळाडू मात्र ते काही आठवड्यांत शोधून काढतात.

== सापळा पर्याय ==

संतुलनाचा भंग नेहमी अतिबलवान पर्यायानेच होतो असे नाही. दिसायला चांगला पण प्रत्यक्षात निरुपयोगी असा पर्यायही तितकाच हानिकारक असतो. तिसऱ्या आवृत्तीतील ‘टफनेस’ या फीटने पात्राला तीन हिट पॉइंट मिळत. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे बळ त्याने जवळजवळ दुप्पट होई. दहाव्या पातळीवर मात्र ते तीनच राहत, आणि फीट एकदा घेतले की बदलता येत नसे. त्या आवृत्तीच्या रचनाकारांपैकी माँटी कुक यांनी पुढे एका लेखात असे पर्याय काही अंशी हेतुपुरस्सर होते हे मांडले. नियम नीट अभ्यासणाऱ्याला त्या अभ्यासाचे फळ मिळावे हा तो हेतू. मात्र कोणता पर्याय कोणत्या प्रसंगी घ्यावा याचे मार्गदर्शन पुस्तकातच द्यायला हवे होते, असेही त्यांनी त्याच लेखात नमूद केले.

अभ्यासाला फळ मिळावे याबद्दल दुमत नसावे. पण ज्या परीक्षेची प्रश्नपत्रिका पहिल्याच दिवशी सोडवावी लागते आणि उत्तर चुकल्याचे सहा महिन्यांनी कळते, तिला अभ्यासाची परीक्षा म्हणता येत नाही. अशा सापळ्यात सापडतो तो नेहमी नवखा खेळाडू, आणि त्याला वाटते की आपल्यालाच खेळ जमत नाही. इ.स. २००९ मध्ये पैझो या प्रकाशनसंस्थेने त्याच नियमांवर आधारून काढलेल्या ''पाथफाइंडर''मध्ये ‘टफनेस’ पातळीबरोबर वाढत जाईल असा साधा बदल केला, आणि तो पुरेसा ठरला.

== चौथ्या आवृत्तीचा प्रयोग ==

तिसऱ्या आवृत्तीत मंत्रसिद्ध पेशांचे वर्चस्व फार वाढले होते. ‘हेस्ट’ या मंत्राने फेरीत दोन मंत्र म्हणता येत. ‘हार्म’ या मंत्राने कितीही बलाढ्य शत्रूचे हिट पॉइंट चार पृष्ठांच्या एका फाशाइतके उरत, आणि त्यातून बचावाची संधीही नसे. इ.स. २००३ च्या साडेतिसाव्या, म्हणजे ३.५ या, आवृत्तीत दोन्ही दुरुस्त झाले. तरीही ‘नॅचरल स्पेल’ घेतलेला ड्रुइड अस्वलाचे रूप घेऊन योद्ध्यासारखा लढत आणि त्याच रूपात मंत्रही म्हणत राहिला.

इ.स. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने मुळावरच घाव घातला. सर्व पेशांच्या क्षमता एकाच साच्यात बसवल्या. काही केव्हाही वापरण्याच्या, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. पहिल्या पातळीवर साधारणतः प्रत्येकाला पहिल्या प्रकारच्या दोन आणि उरलेल्या दोन्ही प्रकारच्या एकेक क्षमता मिळत, मग तो योद्धा असो की जादूगार. शिवाय राखणदार, प्रहारक, नायक आणि नियंत्रक अशा चार भूमिका स्पष्टपणे वाटून दिल्या. संख्यात्मक संतुलनाच्या दृष्टीने ही या खेळाची सर्वांत काटेकोर आवृत्ती मानली जाते. योद्ध्याला प्रथमच शत्रूला आपल्याकडे खिळवून ठेवण्याचे खरे साधन मिळाले.

तरीही अनेक जुन्या खेळाडूंनी ती नाकारली आणि त्यांतील मोठा वर्ग ''पाथफाइंडर''कडे वळला. सगळे पेशे सारखेच वाटतात, ही त्यांची मुख्य तक्रार होती. ती पूर्णतः न्याय्य नव्हती, कारण क्षमतांचे परिणाम खरोखर भिन्न होते. परंतु योद्ध्याने विचार न करता तलवार चालवावी आणि जादूगाराने दिवसभराचा साठा जपून वापरावा, या दोन वेगळ्या ‘चवी’ होत्या. खेळण्याची रीतच एकसारखी झाली की चवही एकसारखी लागते. संतुलन साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भेद पुसून टाकणे, आणि पेशे वेगळे असावेत म्हणून जो खेळ लोकप्रिय झाला त्याला तो मार्ग परवडणारा नव्हता.

== विश्रांतीचा हिशेब ==

पाचव्या आवृत्तीत पेशांची भिन्नता परत आली आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नही. आता तो विश्रांतीच्या रूपात दिसतो. जादूगाराचा मंत्रसाठा आठ तासांच्या दीर्घ विश्रांतीनंतर पूर्ण भरतो. योद्ध्याची ‘अॅक्शन सर्ज’ आणि वॉरलॉक या पेशाचे मंत्र एका तासाच्या अल्प विश्रांतीनंतरच परत येतात. इ.स. २०१४ च्या सूत्रधार-पुस्तिकेत एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी आणि मध्ये दोन अल्प विश्रांती गृहीत धरल्या आहेत.

पाचव्या पातळीच्या जादूगाराकडे दिवसाला नऊ मंत्रसंधी असतात आणि त्याच पातळीच्या वॉरलॉककडे दोन. सात चकमकी, प्रत्येकी चार फेऱ्या, असा दिवस धरला तर २८ फेऱ्या होतात. जादूगाराला नऊ मंत्र त्यांत पुरवून वापरावे लागतात आणि वॉरलॉकला दोन विश्रांतींसह सहा मिळतात. अंतर फारसे नाही. पण कामधंदा सांभाळून पंधरा दिवसांतून एकदा जमणाऱ्या गटाला सात चकमकींसाठी वेळ कोठून मिळणार? तो एक-दोन चकमकींतच कथेतील दिवस संपवतो. मग जादूगार प्रत्येक फेरीत उत्तम मंत्र उधळतो आणि वॉरलॉक दोन मंत्रांनंतर हात चोळत बसतो. नियमांतील एकही आकडा न बदलता संतुलन ढळते. क्षमतेचे मोल पुस्तकात लिहिलेले नसते. खेळाची गती ते ठरवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मंत्रांवर या आवृत्तीने एक प्रभावी लगाम मात्र घातला, तो म्हणजे एकाग्रतेचा. दीर्घकाळ टिकणाऱ्या बऱ्याच मंत्रांना एकाग्रता लागते. एका वेळी असा एकच मंत्र चालवता येतो आणि घाव बसल्यास तो तुटू शकतो. पूर्वी लढाईआधी स्वतःवर मंत्रांचे थरावर थर चढवणारा जादूगार त्यामुळे आवरला गेला.

परंपरेचा मान राखण्यासाठी काही ठिकाणी नियम मुद्दाम मोडलेलाही दिसतो. नवा मंत्र रचणाऱ्या सूत्रधारासाठी दिलेल्या तक्त्यानुसार तिसऱ्या श्रेणीच्या, अनेकांवर पडणाऱ्या मंत्राची हानी सहा पृष्ठांच्या सहा फाशांची असावी. अग्निगोल मात्र आठ फाशांचा आहे.

== कार्यक्षेत्राची राखण ==

कोणते काम कोणाचे, हे राखणे हाही संतुलनाचाच भाग आहे. इ.स. १९७८ च्या नियमांत पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची २५ टक्के संधी होती. ‘नॉक’ हा दुसऱ्या श्रेणीचा मंत्र म्हटला की तेच कुलूप फासा न टाकता उघडे. ज्या कामासाठी चोराला गटात घेतले तेच काम दुसऱ्याने खात्रीने करावे, यासारखा अपमान नाही. पाचव्या आवृत्तीत मंत्र तोच ठेवला, पण तो म्हटल्यावर ३०० फुटांपर्यंत ऐकू जाणारा मोठा ठोका होतो. कुलूप उघडते आणि पहारेकरीही जागे होतात. चोराचे काम चोराकडेच राहिले, आणि त्यासाठी कोणाचीही क्षमता काढून घ्यावी लागली नाही. अल्पशा शब्दांत साधलेली ही दुरुस्ती या विषयातील नमुनेदार मानावी अशी आहे.

== हेतुपुरस्सर असमानता ==

बळ समान असलेच पाहिजे हे गृहीतक सर्व खेळांनी मानलेले नाही. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ''आर्स मॅजिका'' (इ.स. १९८७) या खेळात महाजादूगार इतर सर्वांपेक्षा उघडपणे श्रेष्ठ असतात. मात्र प्रत्येक खेळाडूकडे एक महाजादूगार आणि एक सहचर अशी दोन पात्रे असतात, तर साधे सेवक-शिपाई सर्वांचे सामाईक. कथेनुसार आज एकाचा महाजादूगार पुढे येतो आणि बाकीचे सहचर किंवा शिपाई रंगवतात. पुढच्या वेळी पाळी बदलते. नाटकमंडळीत आज राजाचे काम करणारा नट उद्या द्वारपाल व्हावा, तशी ही व्यवस्था आहे.

ईडन स्टुडिओजच्या ''बफी द व्हँपायर स्लेयर'' (इ.स. २००२) या दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित खेळात पिशाचहंत्री नायिका आणि तिचे सामान्य मित्र एकत्र वावरतात. तेथे मित्रांना नायिकेच्या दुप्पट, म्हणजे दहाऐवजी वीस, ‘ड्रामा पॉइंट’ मिळतात, आणि ते खर्चून हुकलेला डाव सावरता येतो किंवा कथेला अनपेक्षित वळण देता येते. लढाईत दुबळा असलेला खेळाडू कथेवर अधिक सत्ता गाजवतो.

== चाचणी आणि दुरुस्ती ==

पूर्वी नियमांची चाचणी रचनाकारांच्या ओळखीच्या गटांपुरती मर्यादित असे. पाचव्या आवृत्तीसाठी इ.स. २०१२ पासून मसुदे सर्वांसाठी खुले करण्यात आले, आणि चाचणीत १,७५,००० हून अधिक जणांनी भाग घेतल्याची नोंद नियमपुस्तकात आहे. तरीही काही पर्याय दुबळे राहिलेच. रेंजर पेशाच्या ‘बीस्ट मास्टर’ या शाखेत सोबतच्या प्राण्याला हल्ला करायला सांगण्यासाठी रेंजरला स्वतःची कृती खर्च करावी लागे. म्हणजे लांडगा लढू लागला की मालक थांबे. इ.स. २०२० मधील ''टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’’ या पुस्तकात या प्राण्याचा नवा पर्याय दिला. त्यात तुलनेने हलक्या ‘बोनस’ कृतीने प्राण्याला आज्ञा देता येते आणि त्याचे बळ रेंजरच्या पातळीबरोबर वाढते.

छापील दुरुस्ती येईपर्यंत टेबलावरचा भार सूत्रधारच उचलतो. मागे पडलेल्या पात्राच्या हाती जादूची तलवार पडेल असे पाहणे, दिवसातील चकमकी वाढवणे, किंवा मंत्राने न सुटणारा एखादा पेच कथेत आणणे, ही त्याची नेहमीची साधने. एखाद्या पर्यायाविषयी गटाशी मोकळेपणाने बोलून तो बदलून देणे हा त्यांतील सर्वांत सरळ मार्ग, पण तो पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी अवलंबला तरच सुखाचा ठरतो. सहा महिने जपलेल्या पात्राची क्षमता मधेच कापली गेली, तर खेळाडूला ती दुरुस्ती वाटत नाही.